एका खुर्चीला एकोणीस इच्छा

ती. दाजींस सादर नमस्कार.

तुमच्या जिन्याचा कठडा, ताईचं पुस्तकांचं कपाट (एकही खिळा नाही, सगळी खाचेत बसवलेली लाकडं) आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंची वेबसाइट, या तीन गोष्टी मी कुठल्याही वर्गात न बसता स्वतःच्या हातांनी केल्या. पहिल्या दोन अजून डगमगलेल्या नाहीत. तिसरीबद्दल लिहितो. तुमचा गुडघा तो जिना चढू देत असेल आणि ताईचा खोकला गेला असेल, असं धरून चालतो.

"डेटाबेस पडला की तुझं दुकान बंद," असं तुम्ही पदवीच्या जोरावर म्हणाला होतात. तो (म्हणजे भेटींच्या सगळ्या नोंदी जिथे राहतात तो) सोमवारी १० वाजून ४० मिनिटांनी पडला, आणि दुकान चालू राहिलं. साइट स्वतःजवळची शेवटची प्रत दाखवत राहिली, वर पिवळी पट्टी : 'ही माहिती सोमवार १०.४० पर्यंतची आहे.' नव्या नोंदी वेगळ्या फाइलीत साठत होत्या. डेटाबेस उठला की आपापल्या जागी जाणार. दोन दिवस कोणाला काही कळलं नाही (मलाही नाही, पण तो मी गुणच मानतो).

अडचण एवढीच, की त्या प्रतीत बुधवारी चारची वेळ रिकामी होती, ती रिकामीच राहिली. एकोणीस जणांनी ती मागितली. साइटने प्रत्येकाला 'आपली इच्छा नोंदवली आहे, वेळ नंतर कळवू' असं सभ्यपणे सांगितलं. वाचतो कोण? काल चारला सगळे हजर. बाकं भरली, तिघे पायऱ्यांवर बसले, आणि एक निवृत्त मास्तर गालाला रुमाल लावून हजेरी घेऊ लागले. "अहो, खुर्ची एकच आहे," काउंटरवरच्या बाई मला फोनवर म्हणाल्या. मग डॉक्टरीणबाईंनीच फोन घेतला. "बंद पडली असती तर निदान लोक घरी तरी राहिले असते." मी पट्टीच्या अक्षरांचा आकार चौदाचा अठरा केला. आज पाचपर्यंत खऱ्या नोंदी दिसल्या नाहीत तर साइट कायमची उतरवा, असं त्यांचं म्हणणं आहे.

असो. ताईला नमस्कार.

आपला मेहुणा

ता. क. : डेटाबेसचा संगणक तुमच्या अडगळीच्या खोलीत आहे (गारवा म्हणून मीच ठेवला होता). ताई सोमवारी साडेदहाच्या सुमारास तिथेच इस्त्री करते. खालची काळी पिन परत लावावी. फोन केला नाही, कारण तुम्ही हसता.

ता. क. २ : पाचची वाट न बघता आत्ताच साइट उतरवली तर डॉक्टरीणबाई पैसे द्यायला तयार होत्या. मी नको म्हटलं. बांधायचे मी नऊ हजार घेतले होते. उतरवायचे पंचवीस हजार मिळत होते.