क्लॉक चिपचा नंबर

सोमवार, ४ मार्च
कन्येचा कम्प्युटर रडतखडत चालतो. शुक्रवारी कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचंय, वर्षाचं काम त्यातच आहे. ऑफिसातला एकजण, ज्याला आम्ही टर्बो म्हणतो, तो म्हणाला, नवीन कशाला घेतोस, सॉफ्टवेअरने स्पीड वाढतो. फक्त मदरबोर्डवरची, वेग ठरवणारी क्लॉक चिप कोणती, ते सॉफ्टवेअरला सांगायचं. म्हणजे चिपवरचा नंबर वाचायचा. मला वाचता येतं.
स्क्रूड्रायव्हर आणला. निश्चय: नंबर नुसता बघायचा. हात लावायचा नाही.

मंगळवार, ५ मार्च
सुट्टी टाकली. कन्या कॉलेजला गेल्यावर कम्प्युटरचा डबा उघडला. आत चिपच चिप! टर्बोने खूण सांगितली होती, शेजारी चपटी चंदेरी डबी असते. सापडली. नंबरवर धूळ. फुंकर मारली. ढिम्म. बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवला. धूळ गेली. नंबरही गेला. शाईच कच्ची, त्याला मी काय करणार?
संध्याकाळी कन्येने विचारलं, हा वास कसला येतोय. म्हटलं, मलाही येतोय.

बुधवार, ६ मार्च
आजही सुट्टी. सॉफ्टवेअरमध्ये चिपची भलीमोठी यादी. चुकीची निवडल्यास मशीन बंद पडेल, असं लाल अक्षरांत लिहिलंय. भित्र्या लोकांसाठी असतं ते.
निश्चय: घाबरायचं नाही.
माऊस तीनदा टेबलाखाली पडला. अंगात कणकण असावी. उद्या बघू.

गुरुवार, ७ मार्च
सकाळी ११. यादीतली तिसरी चिप निवडली. अंदाजाने. पण अनुभवी माणसाचा अंदाज. स्पीड किंचित वाढवला. चालला! म्हटलं, आणखी थोडा. स्क्रीन काळा.
११.२०. काळाच.
दुपारी १२. वायर काढली, घातली. पंखा फिरतो, बाकी सामसूम. अरे देवा, पोरीचं वर्ष! टर्बोला फोन केला. विचारलं, तू स्वतःच्या कम्प्युटरवर हे केलंयस ना? म्हणाला, मी काय वेडा आहे?
५ वाजता. कन्येच्या चपला वाजल्या. मी बाथरूममध्ये. निश्चय: आता इथेच राहायचं.
७ वाजता. बाहेर आलो, सगळं सांगून टाकलं. थोडा रडलोही. कन्या शांतपणे पाणी प्यायली. म्हणाली, बाबा, तुम्ही सोमवारी स्क्रूड्रायव्हर आणलात, तेव्हाच मी सगळं पेनड्राइव्हवर काढून मैत्रिणीकडे नेलं. प्रोजेक्ट कालच देऊन टाकलं.
जीव भांड्यात पडला. मग संताप आला. म्हणजे मी इतके दिवस रिकाम्या डब्यासाठी घाम गाळला! बायकोलाही माहीत होतं. दोघी रोज माझ्या तोंडाकडे बघत मजेत जेवत होत्या.

शुक्रवार, ८ मार्च
घरात माझ्याबद्दल गैरसमज आहे. काहीतरी दुरुस्त करून दाखवलं पाहिजे. बायकोचा मिक्सर हल्ली फार हळू फिरतो. निश्चय: नुसता उघडून बघायचा.
स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वयंपाकघरात गेलो. मिक्सर जागेवर नाही.
मेहुणीकडे आहे म्हणे. सोमवारपासून.