दवाखान्याच्या रिकाम्या बाटल्या

अण्णा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्याविषयी वाईट बोलणारी मी एकटीच उरले आहे. परवा महाडला गेले होते. बाजारपेठेत तुमचा एक म्हातारा विद्यार्थी भेटला आणि तुमचं नाव निघताच रस्त्यातच डोळे पुसायला लागला. म्हणाला, "मास्तरांसारखा तत्त्वाचा माणूस पुन्हा होणे नाही." मी मान हलवली. घरी आले आणि हे लिहायला बसले.

तुमच्या पिण्याचा मला राग नाही, हे आधी सांगते. दारूबंदीची वर्षं होती. प्रभातफेरीत मुलांच्या पुढे घोषणा देत तुम्ही चालायचात, पोलादपूरच्या सभेत दारूने बुडालेल्या घरांवर तासभर बोलायचात, आणि जांभळं पिकली की घरी त्यांचा रस गूळ घालून आंबवायला ठेवायचात. एका वेळी दोन-तीन शेर, जास्त कधीच नाही. 'आसव' म्हणायचात त्याला, म्हणजे आम्हालाही तोंडात दुसरा शब्द येऊ नये. जेवणाआधी अर्धा पेला घ्यायचात आणि तेवढा वेळ माणसात यायचात. आईला हाक मारताना आवाज खाली यायचा. मला तर तो अर्धा पेला हवाहवासाच वाटायचा.

राग आहे तो तुमच्या चिकटपणाचा आणि त्याहून तुमच्या शहाणपणाचा. आसव कशात ठेवायचं, हा आपल्या घरातला दर वर्षीचा प्रश्न. पितळेच्या घागरीत एकदा घातलंत, ते कळकलं. कुंभाराकडून मडकं आणलंत, ते पाझरलं आणि माजघरभर मुंग्या झाल्या. तेलाच्या डब्यात केलंत त्याला गंजाची चव आली, तरी वाया जाऊ नये म्हणून नाक दाबून संपवलंत. चिनी मातीची मोठी बरणी भांड्यांच्या दुकानात समोरच मांडलेली असायची. तुम्ही तिला टिचकी मारून आवाज ऐकायचात, दुकानदाराला चार प्रश्न विचारायचात आणि पुढे चालू लागायचात. मी मागे पिशवी घेऊन. मॅट्रिक होऊन घरी बसलेली एकोणीस वर्षांची मुलगी मी. लग्न ठरेपर्यंत तुमच्या पिशव्या वाहणं हे माझं काम होतं.

त्या वर्षी तुम्हाला दवाखान्याच्या बाटल्या सुचल्या. कंपाउंडर तुमच्याच हाताखाली शिकलेला. "शाळेत शाई भरून ठेवायला हव्यात रे," असं तुम्ही त्याला सांगितलंत. त्याने तपकिरी रंगाच्या, पातळ काचेच्या डझनभर बाटल्या फुकट दिल्या, वर पुन्हा तुमच्या पाया पडला. मी त्या राखेने घासल्या, उकळत्या पाण्याने धुतल्या. शेवटी औषधाचा वास गेला तेव्हा तुम्ही एक बाटली उजेडात धरून पाहिलीत आणि म्हणालात, "याला म्हणतात अक्कल. पैसा कशाला लागतो?"

आई तेव्हा जांभळं कुस्करत होती. ती कुडपणची, शेतकऱ्याघरची. तुमच्यापुढे सहसा बोलायची नाही, पण आंबवणातलं तिला कळत होतं. तुम्ही बुचं ठोकून त्यांवर सुतळी आवळायला लागलात, वर लाख ओतायला काढलीत, तेव्हा तिला राहवलं नाही.

"अवो, अजून उकळी यायची हाय त्याला, फसफसंल ते. बुच नका मारू. आमच्याकडं आंबिलीच्या मडक्याला कोन बुच मारत नाय. माझी लोणच्याची बरणी रिकामी करून देते, वर नुसतं फडकं बांधा."

तुम्ही हातातलं काम थांबवून तिच्याकडे पाहिलंत. तुमचं ते पाहणं मला अजून दिसतं. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे तुम्ही असंच पाहत असणार.

"कुडपणची अक्कल कुडपणातच ठेव," तुम्ही म्हणालात. "वारा लागला तर त्याचा आंबट शिरका होतो. पुस्तकात वाचलंय मी."

ती पुन्हा जांभळं कुस्करायला लागली. मी लाख वितळवून दिली.

आठवडा झाला असेल. रविवारची दुपार आहे. तुम्ही ओटीवर वह्या तपासताय, मी मोरीत भांडी घासतेय, आई चुलीपुढे भाताला वाफ येण्याची वाट पाहत बसलीय. चुलीवरच्या फळीवर, ऊब लागावी म्हणून तुम्हीच हौसेने मांडलेल्या बाटल्या. फटाका फुटावा तसा आवाज होतो. मी धावत जाते तर आई दोन्ही हातांनी तोंड झाकून बसलीय आणि भिंत, चूल, तिचं लुगडं सगळं जांभळं झालंय. रक्त कुठलं आणि रस कुठला, ते कळत नाही. ती ओरडतही नाही. फक्त म्हणते, "बाय गो, डोळा उघडत नाय."

तुम्ही आलात. दारात उभे राहून एकदा सगळं पाहिलंत. आणि मग, अण्णा, तुम्ही काय केलंत? डॉक्टरला बोलवायला पाठवलंत का? तिचा हात धरलात का? तुम्ही मला म्हणालात, "आधी काचा गोळा कर." मी काचा वेचल्या. तुम्ही स्वतः ओलं फडकं घेऊन भिंत पुसलीत, वर शेणाचा हात फिरवलात. उरलेल्या बाटल्यांची बुचं एकेक करून सैल केलीत, रस मोरीत ओतलात. माजघरात कुठेही वास उरला नाही, याची खात्री करून घेतलीत. तोवर आई कोपऱ्यात पदर डोळ्यावर दाबून बसून होती. मग तिच्यासमोर उकिडवे बसून, पाठ घोटून घेतात तसं तुम्ही तिला सांगितलंत, "सरपण फोडताना ढलपी उडाली. कळलं? ढलपी."

"हां," ती म्हणाली.

त्यानंतर बोलावलेल्या डॉक्टरांनी लाकडाची जखम समजून डोळा धुतला, थेंब दिले, पट्टी बांधली. तीन आठवडे ती रात्रंदिवस ठणका सोसत होती आणि तुम्ही 'आराम पडेल' म्हणत शाळेत जात होतात. शेवटी मामा कुडपणहून आला, तुम्हाला न विचारता तिला एस.टी.त घातलं आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. मी सोबत होते. तिथल्या डॉक्टरांनी चिमट्यात धरलेला कण आम्हाला दाखवला. तांदळाच्या कणीएवढा. म्हणाले, "ही काच आहे. लवकर आला असतात, खरं सांगितलं असतंत, तर नजर राहिली असती कदाचित." मामा माझ्याकडे पाहायला लागला. मी खाली पाहिलं. आईच बोलली, पट्टीखालून. "काच कुठनं येईल आमच्याकडं, डाक्तर? आमचे मालक मास्तर हायेत."

आईचा डावा डोळा कायमचा गेला. पुढे तांदूळ निवडताना ती मान कशी वाकडी करायची, आठवतं तुम्हाला? चुलीजवळ काही खुट्ट झालं की हात आपोआप तोंडाकडे जायचा. तिची माफी मागणं सोडाच, तिला एकटीला विचारलंही नाहीत कधी की दुखतं का.

आणि पुढच्या वर्षी जांभळं आली तेव्हा तुम्ही फडताळातून तिची लोणच्याची बरणी काढलीत. तिला न विचारता धुतलीत, रस भरलात आणि तोंडाला नुसतं फडकं बांधलंत. शिरका झाला नाही. आजवरचं सगळ्यात चांगलं आसव झालं ते. तुम्ही एक पेला आईपुढे धरलात. मी मनात म्हणत होते, आता बोला, आता एवढं तरी म्हणा की तुझं बरोबर होतं. तुम्ही म्हणालात, "बघ, जमलं शेवटी मला." तिने एक घोट घेतला, एका डोळ्याने तुमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गोड झालंय." त्या दिवसापासून तुमच्याशी मी कामापुरतंच बोलले. तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही.

तुमच्या निवृत्तीच्या सभेत तुमच्या दारूबंदीच्या कामाचा गौरव झाला. आई पुढच्या रांगेत, पदर डाव्या अंगाने पुढे ओढून बसली होती. तुमच्यामागे ती अकरा वर्षं जगली. शेवटच्या दुखण्यात मी तिला म्हटलं, "आता तरी सांग ना कुणाला, मामाला तरी." ती म्हणाली, "काय करायचं गो सांगून? त्यांचं नाव हाय गावात." तुमचं नाव तिने राखलं. मी ते राखणार नाही, असं ठरवून आज बसले होते. त्या म्हाताऱ्या विद्यार्थ्याचा पत्ताही घेऊन ठेवला होता. याची एक नक्कल त्यालाच पाठवायची, असा विचार होता.

पण पाठवणार नाही. कारण एक गोष्ट मी अजून लिहिलेली नाही, आणि ती लिहिल्याशिवाय हे कुणाला दाखवायला तोंड नाही मला. त्या रविवारी महाडचे डॉक्टर आईला तपासून झाल्यावर हात धुवायला मोरीकडे आले होते. टॉवेल द्यायला मी एकटीच उभी होते. त्यांनी हळूच विचारलं, "मुली, जखम लाकडाची वाटत नाही मला. खरं काय लागलंय?" तुम्ही ओटीवर होतात, तुम्हाला ऐकू येण्यासारखं नव्हतं. मला कुणाची भीती नव्हती. मी लहानही नव्हते. मी म्हटलं, "ढलपीच. मी स्वतः पाहिली." ते गेल्यावर मी हे तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. जन्मात पहिल्यांदा. आत आई कण्हत होती, अण्णा, आणि मला बरं वाटलं होतं.