गाडीतली हवा काढण्याबाबत

प्रिय जावईबापू यांस,

आशीर्वाद. (आधी ‘चि.’ लिहिले, ते खोडले. मग ‘श्री.’ लिहिले, तेही खोडले. लग्नाला दोन वर्षे होत आली तरी तुम्हाला काय म्हणून हाक मारायची हे माझे ठरलेले नाही. समोर असताना मी ‘बसायचं का’, ‘चहा चालेल ना’ अशा कर्ता नसलेल्या वाक्यांवर भागवून नेत असे. पत्रात तशी सोय नाही.) तुमची प्रकृती उत्तम असेल, गॅरेजात कामाची गर्दी असेल आणि आमच्या कन्येने तुमचे डोके फारसे खाल्ले नसेल, अशी आशा आहे. आम्ही दोघे ठीक आहोत, माझी कंबर सोडून. तिचा उल्लेख पुढे येईलच.

तुम्ही आमच्याकडे शेवटचे आलात त्याला चौदा महिने झाले. कामावरून थेट आला होतात आणि तुम्ही टेकायच्या आत मी सोफ्यावर वर्तमानपत्र अंथरले. धूळ आहे म्हणालो. तुम्ही उभ्यानेच चहा घेतलात आणि निघालात. तेव्हापासून मुलगी एकटीच येते आणि तुम्हाला नेमके काम असते. माणसाला काम असावे, त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. हे पत्र निव्वळ तांत्रिक स्वरूपाचे आहे.

तर झाले असे, की गाडीच्या इंजिनाला पाणी पुरवणारी एक रबरी नळी चिरली. एकतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाने एवढ्याशा नळीसाठी कोणाच्या दारात जायचे, असा विचार करून मी ती स्वतः बदलली, वरून हिरवे कूलंट काठोकाठ ओतले आणि हात झटकले. दुसऱ्या दिवशी बाजारापर्यंत जातो न जातो तोच तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. हीटर लावून पाहिला तर गार वारा, आणि डॅशबोर्डच्या मागे कोणीतरी गुळण्या करत असल्यासारखा आवाज. आमच्या तळमजल्यावर एक निवृत्त बसड्रायव्हर राहतात. कसाबसा घरी पोहोचून मी त्यांना खिडकीतूनच लक्षणे सांगितली. त्यांनी दाढीचा ब्रश न थांबवता निदान केले, की आत हवा धरली आहे, ती काढा.

मी चारही चाकांची हवा काढली.

यात हसण्यासारखे काही नाही, त्यामागे विचार होता. बंदिस्त वायूचा दाब आणि तापमान एकमेकांचा हात धरून चढतात-उतरतात, हे मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिले आहे की झोपेतही लिहीन. (सूत्र बरोबरच होते. फक्त ते भलत्या हवेला लावले गेले.) चौथे चाक फुस्स करत खाली बसत होते तेव्हा बसड्रायव्हर गळ्यात टॉवेल अडकवून बाहेर आले, गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पायरीवरच बसले. हसून हसून त्यांनी टॉवेलने डोळे पुसले. मग कळले, की हवा म्हणजे इंजिनाच्या पाण्यात अडकलेली हवा. चाकांतली पुन्हा भरायला सायकलच्या पंपाने अडीच तास लागले आणि कंबर गेली ती तिथेच.

आता खरी हवा काढायची तर गाडीचे नाक वर हवे, म्हणजे बुडबुडे कूलंटच्या झाकणापाशी येतात. आमच्या इमारतीत चढ एकच, तळघरातल्या पार्किंगमधून रस्त्यावर येणारा. सकाळी इंजिन थंड असतानाच मी गाडी त्यावर उभी केली, मागच्या चाकांना विटा लावल्या, झाकण उघडले आणि तुमच्या सासूबाईंना आत बसवून एक्सिलरेटर अगदी हलका दाबायला सांगितले. हीटर पूर्ण. (तो चालू ठेवावाच लागतो, हे तुम्हाला सांगायला नको, भर उन्हाळ्यात त्यांना पटवणे जड गेले.) बुडबुडे येऊ लागले. तोवर मागे दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य अडकले, त्यांच्या मागे आणखी तीन गाड्या. सगळे उतरून पाहायला आले. इतके चेहरे एकदम समोर आल्यावर मला राहवले नाही, मी शिकवायला लागलो. नीट दिसावे म्हणून दंतवैद्यांना मी म्हणालो, ‘अजून थोडं पुढे.’ तुमच्या सासूबाईंना वाटले, ते त्यांच्यासाठीच. त्यांनी पाय दाबला. हिरवे पाणी कारंज्यासारखे उडाले आणि दंतवैद्यांच्या पांढऱ्या शर्टावर आले. कोमट होते म्हणून निभावले.

तुमच्या सासूबाई घामाने निथळत बाहेर आल्या आणि पंधरा माणसांसमोर म्हणाल्या, “आपला जावई गॅरेजवाला आहे. त्याला एक फोन केला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. पण हवा गाडीत नाहीये, तुमच्या डोक्यात गेलीय.”

कोणीही विरोध केला नाही. दंतवैद्यांनी तर मान डोलावली.

तर सांगायचे इतकेच, की काटा अजूनही चढतो आहे आणि माझी विद्या संपली आहे. शनिवारी संध्याकाळी सवड काढून एकदा पाहून गेलात तर उपकार होतील. हत्यारे तुमचीच आणावी लागतील, आमच्याकडे पंप तेवढा आहे.

बाकी सर्व क्षेम.

तुमचा,
सासरा

ता. क. १ : चाकांचे मुलीला सांगू नका. आणि वर मी सोफ्याचा विषय चार ओळींत उरकला, ते बरोबर झाले नाही. त्या दिवशी मी चुकलो. त्याची मला लाज वाटते. तोंडावर म्हणायला जमले नसते म्हणून लिहितो आहे.

ता. क. २ : काटा चढतो आहे हे खोटे आहे. बसड्रायव्हरांनी सोमवारीच वरच्या नळीजवळचा एक बारीक स्क्रू सैल केला, हवा सुस्कारा टाकून बाहेर पडली आणि गाडी सुतासारखी सरळ आली. आता तिच्यात पाहण्यासारखे काहीही उरलेले नाही. तरी शनिवारी या. हत्यारे नकोत. गॅरेज बंद केले की थेट इकडेच या, कपडे बदलायला घरी जाऊ नका. जेवण गार होते.