खो पाठीला कळला पाहिजे

३ नोव्हेंबर, सोमवार

बाहेर बसवलं! मला! ताथवड्याच्या कॉलेजच्या पोरींशी सराव सामना, आणि मी खुर्चीवर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळतेय. दादासाहेब सर आले, गळ्यात शिट्टी, म्हणाले, "मंजुषा, तू आज बाहेर." झालं. कारण नाही, काही नाही. सहा वर्षं कंपनीच्या खो-खो टीमला खेळतेय, अंगात ताप असतानाही कधी बाहेर बसले नाही.

नंतर दिव्या मॅडमनी कोपऱ्यात घेतलं. ही यंदा कंपनीने आणलेली ट्रेनर. वयाने माझ्याहून लहान, हातात कायम टॅब. म्हणे, तुझा आकडा लाल रेषेच्या वर गेलाय. शरीर थकलंय, अशीच खेळलीस तर मोठी दुखापत होईल. मी म्हटलं, मला काही होत नाहीये. तर म्हणे, "तुला जाणवणार नाही गं, पण डेटा सांगतोय ना."

शरीर माझं, आणि सांगणार ती पाठीवरची डबी!

४ नोव्हेंबर

पाय दुखत नाहीत. कंबर नाही. धापसुद्धा लागत नाही. मग थकलंय कोण?

५ नोव्हेंबर, बुधवार

डोकं शांत करून लिहिते, नाहीतर उद्या कुणाला तरी फाडून खाईन.

सरावाला जर्सीच्या आत एक घट्ट जॅकेट घालायचं. त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, एक खिसा. खिशात काड्यापेटीएवढी डबी. उघड्या मैदानावर म्हणे ती आभाळातून वेग मोजते. पण आमची मॅट पत्र्याच्या छपराखाली. तिथे तिला आभाळ दिसत नाही, मग ती नुसते अंगाला बसणारे धक्के मोजते. उठलो, धावलो, वळलो, सूर मारला — सगळ्याची बेरीज. संध्याकाळी ग्रुपवर यादी पडते. नाव आणि आकडा. मोठा आकडा वर, लहान खाली.

ऑक्टोबरात मॅडमनी मीटिंग घेऊन समजावलं होतं. सेकंड शिफ्टवाल्या दोघी-तिघी सोडल्या तर आम्ही सगळ्या होतो. आकडा फार खाली म्हणजे काम कमी पडतंय, फार वर म्हणजे अंग मोडतंय. कोणाची रेषा कुठे, ते ज्याचं त्याला सांगू. तेव्हा मी यादीत पार तळाला होते. दिवाळीनंतर अशी पेटले की पहिल्याच आठवड्यात सगळ्यात वर! दोन दिवस काय मिरवले! आता तोच आकडा मुळावर आलाय.

पेटले कशाने, तेही लिहून टाकते. तेजलमुळे. काळेवाडीची पोरगी, बावीस वर्षांची, टीममधे आली तेव्हा तिला चौकोनात नीट बसताही येत नव्हतं. सगळं मी शिकवलं. खो द्यायचा कसा तेही. बसलेलीच्या पाठीवर नुसता हात टेकवायचा नाही. "खो कानाला नाही, पाठीला कळला पाहिजे" — हे माझं वाक्य, ती नव्या पोरींना स्वतःचं म्हणून सांगायची. तीच तेजल दिवाळीच्या फराळाला घरी आली आणि चकली खाता खाता, आईसमोर म्हणते, "मंजूताई, रागावू नको, पण तू स्लो झालीस गं."

मी! स्लो! मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताट तसंच ठेवून गेली. तेव्हापासून अबोला. सामन्यात सरांनी जोडी आमचीच लावलीय, ती पाठलागाला असली की उठवते मला. त्यामुळे दिवसभरात ती माझ्याशी एकच शब्द बोलते. खो!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल लवकर झोपले. ओव्हरटाइमला नाही म्हटलं. आज सरावात चक्क अंग चोरलं — आयुष्यात पहिल्यांदा! अर्ध्या जोराने धावले, एकही सूर मारला नाही. लाज वाटली. पण म्हटलं आकडा तरी खाली येईल.

यादी आली. मी वर. सोमवारी ज्या आकड्यावर बाहेर बसवलं, त्याहून वर!

मॅडमचा मेसेज: "मंजुषा, प्लीज घरी एक्स्ट्रा वर्कआउट करू नकोस." अगं बाई, मी जिना चढायचं सोडलंय, लिफ्टने जातेय!

बाकीच्यांना काय, सगळ्यांना वाटतंय मी नाटकं करून बाहेर बसले. आणि तेजलबाई तर राग काढायलाच टपलेली. आज खो असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी वळूनही बघितलं नाही. बघणारच नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर घरी. शेखरदादाने विषय काढलाच. "मंजे, किती दिवस पळापळी खेळणार? आपल्या मोशीत तुझ्या वयाच्या पोरींची पोरं शाळेत जायला लागली." वहिनी आत भांडी जरा जास्तच आपटत होती.

त्याला काय सांगू? कंपनीने यंदा सांगितलंय — वीस तारखेला कोल्हापूरच्या स्पर्धेला ज्या पंधरा जणी जातील, त्या पर्मनंट. बाकीच्यांचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरात संपलं. मला एकोणतीस पूर्ण होतील. पुढच्या वर्षी नव्या पोरी येतील आणि मला कोण विचारतंय! हीच एक संधी. यात नाव नाही, तर मॅट नाही, जर्सी नाही, सकाळी उठायचं कशासाठी तेही नाही. खो-खो वजा केला तर मी कोण, मला खरंच माहीत नाही. भीती वाटते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज स्प्रिंट टेस्ट. बाहेरच्या मैदानावर मॅडमनी सुरुवातीला आणि शेवटी तिकाट्यांच्या जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीमधून अदृश्य किरण जातो. दोन्ही तोडून धावायचं, वेळ आपोआप लागते. सगळ्या धावल्या. मी बूट घालून उभी. मॅडम म्हणाल्या, "तू नाही. लाल असताना स्प्रिंट दिलीस तर मांडीचा स्नायू फाटेल." सर जवळच होते. मी म्हटलं, सर, फाटू दे, माझी मांडी आहे! सर म्हणाले, "स्प्रिंटशिवाय नाव पाठवता येत नाही, मंजुषा. आकडा खाली आण, मग बघू."

आणू कसा? कुणी सांगेल का मला?

तेजल पहिली आली. हवेसारखी गेली पोरगी. जाताना माझ्याकडे बघत होती, मीच मान फिरवली. तासाभराने मॅटवर तिचाच खो — मी चौकोनातून तोंडावरच आपटणार होते.

१२ नोव्हेंबर

बसमधे रडले. शेजारच्या बाईने रुमाल दिला. मला खरंच काहीतरी झालंय का? आतून काही मोडलंय, आणि मलाच कळत नाहीये? डबी बरोबर असेल तर?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आईने तेल लावायला बसवलं. ब्लाउज खाली केला आणि ती ओरडलीच, "आगं बया! कुनी मारलं गं तुला? पाची बोटं उठल्यात!"

मी म्हटलं, कुणी नाही, खो आहे तो.

"ह्यो खो हाय? आन् रोज त्याच जागी? ही काय गाठ हाय मधी, काळीनिळी?" तिने बोट टेकवलं. बरोब्बर दोन खांद्यांच्या मधे. डबीच्या जागी.

तेलाचा हात तसाच, मी उठून उभी राहिले. आई विचारतेय काय झालं, काय झालं. काय सांगू तिला! धक्के मोजते ना ती? मग हा धक्काच की! मी धावो न धावो, तेजलचा प्रत्येक रट्टा माझ्या नावावर चढतोय!

आणि तिला माहीत आहे. माहीत असल्याशिवाय रोज नेमका तिथेच कसा बसेल हात? स्लो झालीस म्हणाली होती ना. मला काढायचंच ठरवलं होतं तिने. जिला बसायला शिकवलं, तीच मुळावर उठली! साप पाळला मी, साप!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळीच मॅडमला गाठलं. ऐकायलाच तयार नाही. "असं नसतं गं, जगभर वापरतात हे." मी म्हटलं, जगभर खो-खो खेळतात का? शेवटी जॅकेट मॅडमलाच घातलं. खाली बसवलं. टॅब त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, हलायचं नाही. आणि दिला एक — खो!

बिचारी पालथीच पडली. पण टॅबवर रेघ अशी उसळली, की उठून चष्मा पुसून बघत बसल्या. अजून दोन द्यायला लावले, स्वतःहून! मग हळूच म्हणाल्या, "फुटबॉलवर तपासलेलं आहे हे. तिथे पाठीवर कोण मारतं?" बाई मनाने वाईट नाही. सॉरी म्हणाली.

मग त्यांनी विचारलं, इतक्या जोरात मारतं कोण? मी नाव सांगितलं. मुद्दाम? मी म्हटलं — हो, मुद्दाम.

सरांनी तेजलला सगळ्यांसमोर उभं केलं. जोरात मारत होतीस? "हो सर." डबीवर? मुद्दाम? "हो सर." का? सरांनी तीनदा विचारलं. ती मॅटकडे बघत उभी. सर म्हणाले, आपल्याच खेळाडूला जायबंदी करायला निघालेली मला टीममधे नको. जर्सी काढून दे.

तिने घडी घालून दिली.

१५ नोव्हेंबर

जिंकले! आईने शिरा केला. दोनदा घेतला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काय लिहू.

मॅडमनी रविवारी बसून खो-चे धक्के काढून टाकले आणि दिवाळीपासूनचे सगळे आकडे परत मांडले. माझं नाव लाल रेषेच्या वर नाही. हिरव्यातही नाही. तळाला आहे, ऑक्टोबरात होते तिथेच. उलट जरा खालीच. दिवाळीनंतर पेटले होते ना मी? कुठे पेटले होते?

म्हटलं, खड्ड्यात गेला आकडा, आज स्प्रिंट देते. दोन्ही किरण तोडले. जीव तोडून धावले, देवाशप्पथ. मॅडमनी वेळ वाचली नाही, नुसता टॅब फिरवून दाखवला. सगळ्यांत शेवटची. मी म्हटलं, परत. परत धावले. आणखी हळू.

सर म्हणाले, "नावं आजच द्यायचीत. एक जागा रिकामी झालीय, आता नवीन कुणाला तयार करू? अनुभव म्हणून तुला घेतो."

पंधरावं नाव. मंजुषा. मी पर्मनंट.

आनंद व्हायला हवा. होईल उद्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी कंपनीच्या गेटवर तेजल दिसली. निळा युनिफॉर्म, सेकंड शिफ्टला निघालेली. मीच आडवी गेले. म्हटलं, काय वाकडं केलं होतं गं मी तुझं?

"तुझं नाव तळाला असायचं, ताई. एकदा माझी डबी हातातून पडली, त्या दिवशी माझा आकडा वर गेला होता. म्हटलं, जोरात मारलं की तुझाही चढेल. चढला पण! मग तुला बाहेर बसवलं. मला वाटलं, अजूनही कमीच पडतोय. म्हणून अजून जोरात मारलं."

आकडा फार वर गेला तरी वाईट, हे सांगितलं त्या मीटिंगला ती नव्हती. सेकंड शिफ्टला होती.

मग सरांना का नाही सांगितलंस?

"काय सांगू? ताईचा भरत नव्हता म्हणून मी भरत होते, असं? सगळ्यांसमोर?" सायरन झाला. "कोल्हापूरला नीट खेळ," म्हणाली आणि आत पळाली.

घरी येऊन, तेजलचं खरं काय ते सांगायला, सरांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "बोल मंजुषा."

"सर, उद्या बस किती वाजता आहे?"

सहाला, म्हणाले.