निळ्या झाकणाची बाटली

प्रिय अक्षदा,

पत्र बघून दचकू नको. घरात सगळे धडधाकट आहेत. आधी समृद्धीला शेजारी खेळायला पाठव, दाराला आतून कडी घाल आणि मग बस. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून लावून वाचावं लागेल. अन् लहानपणी तू गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचीस, तसं इथं करू नको. शेवट आधी वाचलास तर मधलं वाचायचीच नाहीस, आणि मधलं वाचल्याशिवाय मला शिव्या घालायचा तुला हक्क नाही.

रविवारी तुला तीस पूर्ण होतात आणि सोमवारी तुझी गर्भाची पिशवी काढायची ठरली आहे. तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी म्हणाले, डॉक्टर म्हणतात तर काढ. ते बोलणं मी मागं घेते. काढू नको. निदान या सोमवारी काढू नको. हे फोनवर का नाही सांगत म्हणशील, तर तू फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटतेस आणि विहीणबाई मागं भाजी निवडत बसलेल्या असतात. अन् दुसरं, फोनवर तू मधेच बोलतेस, मी चिडते, आणि सांगायचं ते राहून जातं. आणखी एक. मी पाठवलेली ती निळ्या झाकणाची बाटली, हाडाच्या गोळ्यांची, ती आजपासून बंद. एकही गोळी घेऊ नको, पण बाटली फेकूही नको. का ते पुढं येईल.

गेल्या महिन्यात तू मला तुझ्या पांढऱ्या केसाचा फोटो पाठवलास. एक केस! तो एवढा मोठा करून पाठवला होतास की मला वाटलं सुतळी आहे. खाली लिहिलंस, आई, तिशी आली. मग रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू, बिनसाखरेचा चहा, मोबाइलवर मोजून दहा हजार पावलं. मी तुझ्या आप्पांना म्हटलं, पोरीला शेळ्या घेऊन द्या दोन, पावलं आपोआप होतील. आप्पा हसले. मी पण हसले. पण खरं सांगू का, मला हेवा वाटला. तिशीला आपल्या अंगाकडं बघायचं असतं, हेच मला कुणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या अंगाकडं पाहिलं ते बिघडल्यावरच.

माझी पिशवी काढली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, तू नऊ वर्षांची. तुला सांगितलं होतं, पोटात गाठ होती. कसली गाठ न् काय. अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची, एवढंच होतं. गल्लीतल्या ललितानं काढली होती, ती म्हणाली, काढून टाक बाई, कटकट गेली, देवाधर्माला मोकळी, कामाला मोकळी. तुझी आजी म्हणाली, दोन लेकरं झाली, आता ती पिशवी काय लोणच्याला ठेवायची का. मी, ललिता आणि तुझी आजी, तिघीजणी एकाच जीपमधून गेलो, जत्रेला निघाल्यासारख्या, दशम्या बांधून घेऊन. डॉक्टरनं पोटाला हात लावला आणि तारीख दिली. तपासणी म्हणशील तर तेवढीच.

सहा महिन्यांत अंगातून आग निघायला लागली. थंडीत मी ओसरीवर बिनपांघरुणाची झोपायचे. मग गुडघे गेले, मग कंबर, मग झोप. चिडकी तर मी पहिल्यापासून होते, पण माझं चिडणं वेगळंच झालं. तुला लाटणं फेकून मारलं होतं, आठवतं? कपाळाला खोक पडली होती. तेव्हा तू काही केलं नव्हतंस, नुसतं वह्या मागितल्या होत्यास. आपल्याच घरात मला कोंडल्यासारखं व्हायचं, आणि ते कुणाला सांगावं हे कळायचं नाही.

तुझ्या लग्नात काय झालं ते तुला ठाऊक नाही. मी चव्वेचाळीसची होते. तू स्टेजवर, मी तुझ्या पदराची घडी नीट करत होते. फोटोवाला म्हणाला, आजी, जरा बाजूला व्हा, नवरीच्या आईला येऊ द्या. मी झाले बाजूला. खरंच झाले. दोन पावलं मागं सरून उभी राहिले आणि मग माझी मलाच आठवण झाली की नवरीची आई मीच. त्या अल्बममध्ये मी सगळीकडं रागावलेली दिसते ना, त्याचं कारण हे.

आता तुझ्या घरचं. लग्नानंतरच्या पहिल्या गौरी. जेवणाच्या दिवशी सकाळी तुला पाळी आली, पंचवीस पानं वाढायची होती, आणि विहीणबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, एवढी शिकल्याली सून, पन पाळी कवा यायची तेवढं कळंना व्हय? माहेरच्यांनी गोळी घ्यायला शिकवलं न्हाई वाटतं. तू मोरीत जाऊन मला फोन केला होतास. तू रडत होतीस पण बोललीस ठासून. म्हणालीस, आई, मी पाळी पुढं ढकलायची गोळी कधी घेणार नाही, देवाला माझं चालत नसेल तर देवानं त्याचं बघावं. मला तुझा अभिमान वाटला, देवाशप्पथ. पण मी त्या घराला ओळखून होते. नवनाथराव जावई म्हणून भले आहेत, पण रेल्वेत रुळावर उभे राहतात तेवढेच. घरात आईसमोर त्यांचा पाय टिकत नाही.

नंतरचं तूच मला हसून सांगायचीस. सात वर्षं झाली, एका सणाला अडली नाहीस. गौरी नाही, नवरात्र नाही, चंपाषष्ठी नाही. विहीणबाई लोकांना सांगायला लागल्या, आमच्या सुनंच्या अंगात देवीचं हाय, सणाला कधी बाजूला बसत न्हाई. तू म्हणायचीस, बघ आई, देवाला कळतं. मी गप्प बसायचे. माझ्यासारखी बाई गप्प बसते म्हणजे काहीतरी आहे, एवढंही तुला कळू नये?

यंदा तर सण सरेचनात. श्रावणात सत्यनारायण, मग गौरी, मग नवरात्र, दिवाळीनंतर तुझ्या दिराची वास्तुशांत. आणि तेव्हापासून तुझं रक्त थांबेना. आधी बारा दिवस, मग वीस. शाळेतून रजा काढलीस. त्या डॉक्टरनं विचारलं, कुठलं औषध चालू आहे का, आणि तू म्हणालीस, काही नाही, आई हाडासाठी कॅल्शियम देते तेवढंच. तू हे मला फोनवर सांगितलंस तेव्हा मी धार काढत होते. चरवी हातातून सुटली. सगळं दूध गोठ्यात. आप्पांना वाटलं म्हशीनं लाथ मारली. मी पण तसंच सांगितलं.

मंगळवारी मी एकटी शिरूरला गेले. गुडघ्याचं निमित्त केलं. तिथं एक बाई डॉक्टर आहेत, तुझ्याच वयाच्या असतील. त्यांना म्हटलं, आमची एक शेजारीण आहे, ती सणासुदीला सारख्या गोळ्या घेते, आता तिचं असं असं होतंय. त्यांनी लिहायचं थांबवलं. म्हणाल्या, अशा गोळ्या मनानं घेतल्या आणि मधेच सोडल्या की असं रक्त जाऊ शकतं. आधी गोळ्यांचं सगळं सांगा, सोनोग्राफी करा, रक्त तपासा, औषधानं थांबतं का बघा. तिशीच्या बाईच्या पिशवीला एकदम हात कशाला लावायचा? मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, मावशी, शेजारणीच्या डॉक्टरला हे ठाऊक आहे का? मी म्हटलं, शेजारणीलाच ठाऊक नाही. मी पिशवी उचलली आणि गुडघा न दाखवताच उठले.

तर आता शेवटचं पान. त्या बाटलीत कॅल्शियम नव्हतं. बाटली माझी, गोळ्या दुसऱ्या. पहिल्या गौरींनंतर मी औषधाच्या दुकानातून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणल्या, चूल पेटवायच्या आधी एकेक पाकिटातून फोडल्या आणि माझ्या रिकाम्या बाटलीत भरल्या. शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यात ठेवून मच्छिंद्रमामाच्या दुधाच्या टेम्पोतून तुला पाठवल्या, संपल्या की पुन्हा पाठवत राहिले. प्रत्येक सणाच्या आधी फोन करून सांगायचे, आजपासून रोज दोन घे, सण झाला की बंद कर. तू एकदा विचारलंस, हाडाच्या गोळ्या सणालाच का? मी म्हटलं, सणाला राबावं लागतं, तवाच हाडं दुखतात. तू मानलंस. दुसऱ्या कुणाची गोळी तू अशी तोंडात टाकली नसतीस. तू नाही म्हणाली होतीस आणि मी तुला न विचारता तुझ्या अंगात हात घातला. माझ्या सासूनं, ललितानं, त्या डॉक्टरनं माझं जे केलं ते निदान मला सांगून केलं. तुला कुणी चारचौघात बोलू नये म्हणून केलं, हे खरं आहे. पण म्हणून ते बरोबर होत नाही, तेवढं मला चौथीपर्यंतच्या शाळेतही कळतं.

आज शनिवार. विहीणबाई मारुतीला गेल्या असतील, म्हणून मामाला हे पत्र देऊन याच वेळी तुझ्या दारात पाठवलं. मी त्याच्याच टेम्पोतून आले आहे. वर यायचं तोंड नाही, म्हणून दौंड स्टेशनवर तिकीटखिडकीच्या समोरच्या बाकावर बसले आहे. त्या गोळ्यांचं रिकामं पाकीट रुमालात बांधून आणलंय, नाव लिहिलेलं आहे त्यावर. पुण्याची दोन तिकिटं काढली आहेत. बाटली घेऊन ये, आपण दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, तिथं मी माझ्या तोंडानं सांगेन, शेजारीण म्हणणार नाही. रिक्षानं ये, ती दहा हजार पावलं आज राहू देत. विहीणबाईंना काय सांगायचं ते परत आल्यावर मी सांगेन. शिव्या मला खायची सवय आहे. अन् यायचं नसेल तर नको येऊ. शेवटच्या गाडीपर्यंत मी इथंच आहे, मग परत जाईन, पुन्हा तुझ्या दाराशी येणार नाही. पण सोमवारी त्या टेबलावर झोपायच्या आधी डॉक्टरला एवढं सांग, की माझ्या आईनं मला फसवून गोळ्या दिल्या. माझं नाव घेऊन सांग. लाजू नको, मी पण लाजणार नाही.

तुझीच, अजून म्हणू दिलंस तर,
आई