मागच्या दारच्या फळ्या

शनिवार, २ ऑगस्ट
फळ्या आल्या! नव्वद. ट्रकवाला फाटकापाशी उतरवून पसार. एक उचलून बघितली, हे लाकूड आहे की लोखंड?

माझा नवरा ग्रँट काल पर्थकडे गेला, खाणीवर. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी, नेहमीसारखंच. मागच्या दारी डेक, म्हणजे लाकडी ओटा, करायचाय; सुतार त्याचा खालचा सांगाडा उभा करून गेलाय. फळ्या ग्रँट सवडीनं बसवणार होता. कसली सवड नि काय! मीच बसवते. तो येईपर्यंत डेक तयार! त्याला चकार शब्द सांगायचा नाही.

युना, माझी सासू, अंगणातल्या खोलीतून चहाचा मग घेऊन आली. वय एकोणऐंशी, जीभ पंचविशीतली. "तू बसवणार? लिओनी, ही पाकिटं नाहीत गं, चिकटवली की झालं असं."
टपाल वाटते म्हणून टोमणा. बघच म्हातारे.

मंगळवार, ५ ऑगस्ट
दुपारी दोनला टपाल संपतं. दोन ते साडेपाच माझे. पाच स्क्रूंची मुंडकी तुटली. युना खुर्चीतूनच ओरडली, "आधी भोक पाड, मग स्क्रू! हे पाइनसारखं मऊ लाकूड नाही!" पाडलं भोक. सरळ आत गेला. 

बुधवार, ६ ऑगस्ट
चार ओळी. दोन फळ्यांत चार मिलिमीटरची फट, खिळा मध्ये धरून. मी भारी आहे.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
अकरावी ओळ घातली आणि लांबून बघितलं — तिरकी! एका टोकाला चांगली बोटभर. भिंतीला धरून सुरुवात केली होती, आणि आमची भिंतच सरळ नाही.
युना म्हणाली, "तिसऱ्या ओळीपासूनच दिसत होतं मला."
"मग बोलली का नाहीस?"
"विचारलंस कुठे? बारा वर्षांत तू मला कधी काही विचारलं नाहीस."
मी ड्रिल गवतात फेकलं. तिला म्हटलं, जा तुझ्या खोलीत. ती गेली. दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवार, ९ ऑगस्ट
सकाळी तिचं दार वाजवलं. म्हटलं, "युना, कसं करू?"
ती तयारच होती! बागकामाचे बूट, गुडघ्याखाली घ्यायला उशी, आणि खडूत माखलेल्या दोऱ्याची एक डबी. तिचा नवरा लेस जन्मभर लाकडी जमिनी घालायचा आणि तीस वर्षं फळीचं दुसरं टोक हिनं धरलं. मला हे माहीतच नव्हतं! मला वाटायचं, ही घरी केक करायची.
अकराच्या अकरा ओळी उचकटल्या. दोरा ताणला, टिचकी मारली, सरळ निळी रेघ. "भिंतीवर विश्वास ठेवायचा नाही," ती म्हणाली. "दोऱ्यावर ठेवायचा."

बुधवार, १३ ऑगस्ट
एकोणीस ओळी, आणि सगळ्या सुतासारख्या सरळ. एक फळी धनुष्यासारखी वाकलेली. मी पहारीनं रेटतेय आणि युना तिच्यावर फतकल मारून बसलीय. "घाल स्क्रू! आयुष्यभर केक खाल्ला तो आज कामाला येऊ दे!" हसता हसता स्क्रू सगळे सांडले. रात्रीचं जेवण आता तिच्याचकडे. मेंढीचे चॉप्स जरा करपवते, पण छान लागतात.

रविवार, १७ ऑगस्ट
ग्रँटचा फोन. दोन मिनिटं. तिकडे वारा फार, म्हणाला. मी डेकचं काही बोलले नाही. युनानं खुणेनं विचारलं, सांगितलंस? मी मानेनंच नाही म्हटलं. दोघी शाळकरी पोरींसारख्या!

मंगळवार, १९ ऑगस्ट
शेवटची फळी!! कडा करवतीनं एका रेघेत कापल्या. पहिलं तेल दिलं आणि लाकूड एकदम मधासारखं झालं. युना अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, काठीशिवाय. "लेसनं खोड काढली असती," म्हणाली, "पण फार शोधावी लागली असती."
चव्वेचाळीस ओळी. मी केल्या. आम्ही केल्या.

शुक्रवार, २२ ऑगस्ट
टपाल वाटून आले तर युना डेकवर उभी, मुठीत फोन.
"तो येत नाही, लिओनी. आताही नाही, पुढंही नाही. पर्थला एक बाई आहे. दोन वर्षं झाली. तुला सांगायची छाती झाली नाही, म्हणून मला सांगितलं."
मी तिथंच फळ्यांवर बसले. तीही बसली, माझा हात धरून. 
म्हणाली, "मला म्हणाला, आई, तूही ये. इथं तुला खोली आहे."
"मग?"
"मग काय? म्हटलं, मी माझ्या घरी आहे. आणि फोन ठेवला."