उशीतली पिवळी आणि बसमधली चिकटी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, गुडघे हल्ली ऐकत नाहीत). तुझा खांदा काय म्हणतो? दाजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामाला आहे? इकडे सगळे ठीक. सगळे म्हणजे आई आणि मी.

तर आईची उशी फाटली. तीच, टेकडीवरच्या सुकवलेल्या पिवळी गवताने भरलेली. मी दुकानातून नवी आणली, तर तिने ती हुंगून बाजूला ठेवली. "हिला वासच नाही. पिवळी घेऊन ये." आठवतं ना? डोकं टेकलं की सुकल्या गवताचा आणि मधाचा मिळून तो वास, आणि तू म्हणायचीस, बोलू नकोस, वास संपेल.

गेलो टेकडीवर. आता पिवळी आणि चिकटी सख्ख्या बहिणी (हे तुला काय सांगायचं!). दोघींच्या काडीभोवती पानांची चांदणी. फुलं असली की प्रश्नच नाही: एकीला पिवळा झुपका, दुसरीला पांढरे बारके ठिपके. पण फुलांना अवकाश होता आणि माझा चष्मा घरी होता. पिवळीची पानं सुईसारखी, चिकटीची रुंद आणि बारीक आकड्यांची, हे आत्ता लिहितोय तितक्या शहाणपणाने तिथे सुचलं नाही. गवत अंगाला बिलगत होतं. मला वाटलं, जुनी ओळख काढतंय.

बसमध्ये भारा मांडीवर घेतला. शेजारच्या बाई उतरायला उठल्या, तशी त्यांची लोकरी शाल, भारा आणि मी, सगळेच उठलो. "अहो, सोडा मला!" "बाई, मी धरलेलंच नाही!" कंडक्टरने दोघांना एकत्रच उतरवलं. फुटपाथवर आम्ही एकमेकांना सोडवत होतो आणि येणारेजाणारे (काय समजायचं ते समजून) हसत होते.

दारात आईने मला पाहिलं आणि हसत सुटली. ताई, बाबा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. मग मला स्टुलावर बसवून एकेक काडी वेचू लागली, लहानपणी आपल्याला रांगेत बसवून वेचायची तशी. मी साठीचा गृहस्थ, पण हललो नाही. काड्या संपल्या तरी ती पाठीवर शोधतच राहिली. "पिवळी कुठली नि चिकटी कुठली, तुला कधी कळलंच नाही रे," म्हणाली. "ताई डोळे मिटून नुसता हात फिरवायची."

बाकी क्षेम. दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पिवळी फुलली की मीही ओळखेन. तू मुद्दाम यायची काही गरज नाही.

आणखी ता. क. आईही म्हणते, ताईला उगाच त्रास देऊ नकोस. मात्र शिंपीकाकांकडून तिने उशीच्या दोन खोळी शिवून आणल्यात. दुसरी कुणाची, विचारलं, तर म्हणे, "तुला कशाला चौकशा?" ये गं.